कॅडिलॅकचं नाव कशानं झालं आणि कशानं गेलं?

लेथमास्तर

मागे लक्झरी गाड्यांच्या चर्चेत एकाने लिहिलं होतं की कॅडिलॅक म्हणजे मागे पंख, पुढे क्रोम आणि मधे नुसता बडेजाव. तिथे अवांतर नको म्हणून गप्प बसलो. पण ही कंपनी मुळात टूलरूमवाल्यांची, म्हणजे अचूक मापाची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्यांची होती, आणि माझी नोकरी भोसरीत टूलरूममध्येच गेली, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून वेगळा धागा काढतोय.

साल १९०२, गाव डेट्रॉईट. हेन्री फोर्डचं भांडवल घालणाऱ्यांशी बिनसलं आणि स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून तो ९०० डॉलर घेऊन बाहेर पडला. मागे राहिलेल्या विल्यम मर्फी, लेम्युएल बोवेन या मंडळींनी धंदा गुंडाळायचं ठरवलं. यंत्रं विकली तर किती येतील ते बघायला त्यांनी हेन्री लेलँडला बोलावलं. लेलँड तेव्हा ५९ वर्षांचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्यात होता, पुढे मापयंत्रं आणि मशीन टूल बनवणाऱ्या ब्राउन अँड शार्पमध्ये. मशीनशॉपमधल्या माणसाला ब्राउन अँड शार्प म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बंदुकीच्या कारखान्यात एक गोष्ट अंगात मुरते: एका बंदुकीचा खटका दुसरीत जसाच्या तसा बसलाच पाहिजे, कारण लढाईत कानस घेऊन बसायला वेळ नसतो.

लेलँडने मूल्यमापन केलं आणि वर एक इंजिन दाखवलं. त्याच्या कारखान्यात ओल्ड्समोबिलसाठी इंजिनं बनायची. त्याच आकाराचं इंजिन त्याने जास्त बारकाईने मशीन करून, वाल्व्ह सुधारून बनवलं होतं आणि ताकद जवळजवळ तिप्पट निघाली होती. उत्पादन बदलावं लागेल म्हणून ओल्ड्सने ते घेतलं नव्हतं. लेलँड म्हणाला, यंत्रं विकू नका, हे इंजिन घाला आणि गाडी काढा. १७०१ मध्ये डेट्रॉईट वसवणारा फ्रेंच सरदार कॅडिलॅक याचं नाव कंपनीला दिलं. त्याचं मानचिन्ह म्हणून जे गाडीवर आलं ते त्या गृहस्थाने स्वतःच तयार केलेलं होतं, खानदानी वगैरे काही नव्हतं. पण तो वेगळा विषय.

आता मुख्य गोष्ट, १९०८ ची. ती जरा सावकाश सांगतो.

त्या वेळी युरोपातली महागडी गाडी म्हणजे हाताने जुळवलेली गाडी. फिटर पार्ट बसवून बघणार, अडला की कानस मारणार, पुन्हा बसवणार. गाडी उत्तम होई, पण तिचा पार्ट त्याच मॉडेलच्या शेजारच्या गाडीत बसेलच असं नाही. मोडला की नवा घडवून, घासून बसवायचा. अमेरिकन गाडी म्हणजे स्वस्त माल, असं लंडनमध्ये सरसकट मत. कॅडिलॅकचा तिथला विक्रेता फ्रेडरिक बेनेट याने रॉयल ऑटोमोबाईल क्लबला सांगितलं, तुम्हीच परीक्षा घ्या.

क्लबने त्याच्याकडच्या गाड्यांतून तीन निवडल्या. साध्या एक सिलिंडरच्या गाड्या, श्रीमंती थाटाच्या नव्हेत. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेऊन त्या पूर्ण खोलल्या. एका गाडीचे ७२१ भाग, तिघींचे मिळून २,१६३. सगळे एकत्र केले, कुठला कुठल्या गाडीचा ते कळू नये असे. त्यातले ८९ भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागी बेनेटच्या दुकानातले सुटे भाग दिले. मग मेकॅनिकांना पाने आणि स्क्रू ड्रायव्हर देऊन जोडायला सांगितलं. कानशीला हात लावायचा नाही. जोडल्यावर एकीचं बॉनेट दुसरीला, चाकं तिसरीला, रंग सगळे मिसळलेले. तिन्ही चालू झाल्या आणि ट्रॅकवर ५०० मैल पळाल्या.

त्याबद्दल त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी, म्हणजे याच क्लबचं मोटारतंत्रातल्या कामगिरीचं बक्षीस, कॅडिलॅकला मिळाली. अमेरिकन मोटार कंपनीला ती पहिल्यांदाच मिळत होती. 'स्टँडर्ड ऑफ द वर्ल्ड' ही ओळ कंपनी पुढे कित्येक दशकं मिरवत राहिली. तिच्यामागे हे होतं: पिस्टन, पिना, बुश, बेअरिंग. स्वीडनच्या योहानसनचे स्लिप गेज, म्हणजे माप पडताळायचे अचूक जाडीचे ठोकळे, अमेरिकेत सगळ्यात आधी वापरणाऱ्यांतही लेलँड होता. मायक्रोमीटर बरोबर आहे की नाही ते तपासायलाच आधी भरवशाचं माप लागतं, हे त्याला कळत होतं.

१९०९ मध्ये जनरल मोटर्सने कंपनी सुमारे ४५ लाख डॉलरना घेतली, पण चालवायला लेलँड बापलेकच राहिले. १९१२ च्या मॉडेलला सेल्फ स्टार्टर आला. तोवर हँडल मारून गाडी चालू करायची, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं, जबडा फुटायचा. बायरन कार्टर हा मोटार बनवणारा लेलँडचा स्नेही अशाच झटक्याने जखमी होऊन गेला आणि म्हणून लेलँडने हे काम हातात घेतलं, असं सांगतात. सोडवलं चार्ल्स केटरिंगने. एवढं इंजिन फिरवायला मोटर केवढी मोठी लागेल, यावर बाकीचे अडले होते. केटरिंग आधी गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवायच्या खटपटीत होता, त्यामुळे त्याला ठाऊक होतं की मोटर सतत चालवायचीच नाहीये. लहान मोटर घ्या, क्षणभर तिच्याकडून आवाक्याबाहेरचं काम करून घ्या, जळायच्या आत सोडा. इंजिन लागलं की तेच यंत्र जनरेटर होऊन बॅटरी भरणार. इग्निशन आणि दिवेही त्याच व्यवस्थेवर. याला पुन्हा ड्यूअर ट्रॉफी.

१९१७ मध्ये जनरल मोटर्सचा प्रमुख ड्युरंट याच्याशी बिनसून लेलँड बाहेर पडला. लेलँडला पहिल्या महायुद्धासाठी लिबर्टी विमान इंजिनं बनवायची होती. वय ७४. त्या वयात त्याने नवी कंपनी काढली आणि १८६४ मध्ये ज्याला पहिलं मत दिलं होतं त्याचं नाव तिला ठेवलं, लिंकन. म्हणजे अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या लक्झरी कंपन्या एकाच टूलरूमवाल्याच्या. १९२२ मध्ये लिंकन अडचणीत आली तेव्हा ती ८० लाख डॉलरना विकत घेतली कोणी, तर हेन्री फोर्डने. काही महिन्यांत लेलँड बापलेकांना तिथून जावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॅडिलॅकचं नाव पार्टमधून झालं. गेलं तेही पार्टमधूनच. पुढचं जाणकारांनी लिहा.

सावली_दुपारची

फार सुंदर लिहिलंय मास्तर. गाड्यांतलं फारसं कळत नसून शेवटपर्यंत वाचलं. एक प्रश्न, तीन गाड्यांचे भाग मिसळलेच होते, मग ते ८९ दुकानातले भाग कशासाठी?

लेथमास्तर

@सावली, तीनच गाड्या असत्या तर शंका उरली असती की याच तीन मुद्दाम एकमेकींना जुळवून पाठवल्या असतील. दुकानात पडलेला सुटा भाग कोणासाठी बनवलेला नसतो. तो बसला म्हणजे कारखान्यातून निघालेला प्रत्येक भाग तसाच आहे. परीक्षेतला सगळ्यात अवघड पेपर तोच.

कॉपी_टेस्टर

जाहिरातीच्या बाजूने थोडी भर. १९१५ च्या मॉडेलला कॅडिलॅकने व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. मोठ्या संख्येने बनवलेलं पहिलं यशस्वी व्ही-८ म्हणतात ते हेच. सुरुवातीला त्यात विजेच्या तक्रारी निघाल्या आणि प्रतिस्पर्ध्यांनी बोंब मारली. थिओडोर मॅकमॅनसने त्यावर जी जाहिरात लिहिली, 'द पेनल्टी ऑफ लीडरशिप', ती २ जानेवारी १९१५ ला छापून आली. त्यात गाडीचं चित्र नाही आणि मजकुरात कॅडिलॅक हा शब्दसुद्धा नाही. जो पुढे असतो त्याच्यावर टीका होणारच, एवढंच गंभीरपणे मांडलंय. आमच्या क्षेत्रात आजही ती शिकवतात. मास्तरांना पुष्टीच मिळते यातून, मागे काही ठोस होतं म्हणून असा मजकूर लिहायची हिंमत झाली.

मिशिगनकर

मस्त धागा. मी ट्रॉयजवळ राहतो, इथल्या मंडळात दर तिसरं घर मोटारवाल्यांचं, त्यामुळे हा आमच्या गणपतीतल्या गप्पांचाही विषय.

पण मास्तर, पंखांना बडेजाव म्हणून बाजूला टाकू नका. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळा असतो. तिथे एका आजोबांची १९४९ ची कॅडिलॅक बघितली. पेट्रोल कुठून भरता, असं विचारलं तर त्यांनी मागच्या डाव्या दिव्याखालचं बटण दाबलं आणि अख्खा दिवा बिजागरीवर वर उचलला गेला. आत झाकण! दिवा परत खाली आणला की फट सुद्धा दिसत नव्हती. क्रोमचं काम असं की नख फिरवलं तरी कुठे अडलं नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर बिजागरी ढिली नाही. हा बडेजाव असेल तर तो फार मेहनतीचा बडेजाव आहे.

ते पंख कुठून आले तेही सांगतो. हार्ली अर्ल हा जनरल मोटर्सचा डिझाईन प्रमुख. १९२७ ची लासाल, कॅडिलॅकचीच जरा स्वस्त जोडगाडी, त्याचीच. युद्धाच्या तोंडावर तो आपल्या लोकांना घेऊन डेट्रॉईटजवळच्या सेल्फ्रिज फील्डला गेला, तिथे लॉकहीडचं पी-३८ लढाऊ विमान उभं होतं. दोन धडं, दोन शेपट्या. त्यातून १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डावर दोन लहान उंचवटे आले. सुरुवातीला ते खरंच लहानसे होते.

आणि १९४९ ला त्या गाडीत नवं ओव्हरहेड वाल्व्हचं व्ही-८ आलं, आधीपेक्षा हलकं आणि जास्त ताकदीचं. किती चांगलं? १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅमने ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत दोन कॅडिलॅक नेल्या. एक जवळजवळ शोरूममधली कूप होती. ती दहावी आली. दुसरीला त्यांनी विमानवाल्यांकडून चपटं विचित्र अंग चढवलं होतं, फ्रेंचांनी तिला 'राक्षस' म्हटलं, ती अकरावी. लांबलचक, दोन टनांच्या आसपासची घरगुती गाडी चोवीस तास पळून दहावी येते, याला मी तरी इंजिनिअरिंगच म्हणेन.

१९५९ चे आकाशाला टेकलेले पंख मात्र स्पर्धेतून आले. क्रायस्लरने १९५७ च्या मॉडेलला उंच पंख आणले, ते जनरल मोटर्सच्या तरुण डिझायनरांनी कुंपणापलीकडून आधीच बघितले आणि त्यांची झोप उडाली. उत्तर म्हणून १९५९ ची गाडी. त्यानंतर पंख दरवर्षी खाली येत गेले आणि १९६५ ला गेले.

लेथमास्तर

@मिशिगनकर, दिव्याखालच्या झाकणाबद्दल शंभर टक्के मान्य. फट न दिसणं हेच तर माझं म्हणणं आहे.

नीलमोहर

इतके प्रतिसाद झाले आणि कॅडिलॅक विकत कोण घेत होतं याबद्दल कोणीच बोललं नाही. नाव फक्त कारखान्यात होत नाही हो.

१९३० च्या जानेवारीत कंपनीने व्ही-१६ आणली. सोळा सिलिंडर, ७.४ लिटर. ओरछाच्या महाराजांसाठी तिच्यावर इटलीत पिनिन फरिनाने अंग चढवलं, अशा थराची गाडी. पण दोनच महिन्यांपूर्वी शेअरबाजार कोसळला होता. दोन पिढ्या मिळून दहा वर्षांत चार हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक पहिल्या दोन वर्षांतल्या. १९३३ च्या सुमाराला तर कॅडिलॅक बंद करावी का, यावर जनरल मोटर्समध्ये विचार चालला होता.

निकोलस ड्रायस्टाट हा जर्मनीहून आलेला, सर्व्हिस विभागाचा प्रमुख. देशभरातल्या विक्रेत्यांच्या वर्कशॉपमध्ये फिरताना त्याला दिसलं की दुरुस्तीला येणाऱ्या कॅडिलॅकचे कितीतरी मालक काळे आहेत. डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक, चर्चमधले उपदेशक. आणि कंपनीचं धोरण काय, तर काळ्यांना कॅडिलॅक विकायची नाही! 'प्रतिष्ठा' जाईल म्हणून. मग हे लोक गोऱ्या माणसाला वर पैसे देऊन त्याच्या नावावर गाडी घ्यायचे. ड्रायस्टाटने वरिष्ठांपुढे जाऊन सांगितलं की आपलं गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि दलालाला पैसे देतंय. धोरण बदललं, विक्री सावरली, १९३४ मध्ये तोच कॅडिलॅकचा प्रमुख झाला. उत्पादनाचा खर्चही त्याने खाली आणला, ते श्रेय त्याचंच. पण मला राहून राहून वाटतं, ज्यांच्यामुळे नाव जाईल म्हणून दार बंद केलं होतं, त्यांनीच ते नाव बुडताना धरलं.

आणि त्यांना ही गाडीच का हवी होती? चांगल्या वस्तीत घर घेऊ देत नव्हते. बँक त्या वस्त्यांना कर्ज देत नव्हती. दक्षिणेत हॉटेलात खोली नाही, बसमध्ये मागे बसा. पैसा हातात असून तो दिसेल आणि उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट विकत घेता येत होती. रात्रभर गाडी चालवून पुढच्या गावी पोहोचायचं तर अनोळखी मुलखात मधेच बंद न पडणारी गाडी लागते, कारण बंद पडणं जिवावर बेतू शकतं. शुगर रे रॉबिन्सनची गुलाबी कॅडिलॅक हार्लेममध्ये उभी राहिली की मुलं गोळा व्हायची. 'एबनी' या काळ्यांच्या मासिकाने १९४९ मध्ये यावर अग्रलेख लिहिला, आमचे लोक कॅडिलॅक का घेतात म्हणून. चक बेरीची लाल एल्डोराडो आज वॉशिंग्टनला आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. एल्व्हिसची गुलाबी गाडी सगळ्यांना माहीत असते, म्हणून मुद्दाम हे लिहिलं.

सावली_दुपारची

नीलमोहर, प्रतिसाद कुठेतरी जपून ठेवावा असा आहे. _/\_

लेथमास्तर

@नीलमोहर, मनापासून आभार. ड्रायस्टाट सर्व्हिस विभागातला होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शोरूममध्ये बसणाऱ्याला हे गिऱ्हाईक दिसलंच नव्हतं, कारण तिथे गोरा दलाल यायचा. गाडीखाली वाकणाऱ्याला दिसलं.

नोझल_पंप

नमस्कार, वाचनमात्र असतो, पण इथे बोलायलाच हवं. सांगलीत डिझेलचं काम करतो, वडिलांपासूनचं गॅरेज. नाव गेलं कशाने ते मी सांगतो.

१९७३ ला पेट्रोल महागलं, १९७५ ला अमेरिकेत मायलेजचा कायदा आला. जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल काढलं आणि ते कॅडिलॅकमध्येही घातलं. १९८० च्या सेव्हिलला तर तेच मूळ इंजिन होतं, पेट्रोल हवं असेल तर वेगळं मागायचं. ब्लॉक त्यांनी चांगला जाड केला होता, तो दोष नाही. गडबड हेडबोल्टची, म्हणजे इंजिनाचं हेड (वरचं झाकण) ब्लॉकला आवळून धरणाऱ्या बोल्टची.

डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून दाबून तापवायची आणि मग इंधन मारायचं. या इंजिनात हवा २२ पटींवर दाबली जायची. पेट्रोलवाल्यात साधारण आठ-नऊ पट. एवढा फरक असून हेडचे बोल्ट तेवढेच ठेवले, पेट्रोल इंजिनाच्या जागीच, म्हणजे जुन्या मशीनवर काम निभावेल. बोल्ट ताणले जाणार, हेडगॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील) जाणार. गेलं की पाणी सिलिंडरमध्ये. हवा दाबता येते, पाणी दाबत नाही. पिस्टन वर आला की रॉड वाकला. मेकॅनिकने नवं गॅस्केट टाकून तेच ताणलेले बोल्ट पुन्हा आवळले की दोन महिन्यांत गाडी परत दारात.

वर डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर दिला नव्हता. तिथल्या पंपांवर तेव्हा डिझेलात पाणी यायचं. पंप आणि नोझल आतून गंजायचे. दोन-चार बोल्ट आणि एक लहान भांडं. अमेरिकेत घरगुती डिझेल गाडीचं नाव एका पिढीसाठी खराब झालं ते एवढ्यावरून.

लेथमास्तर

@नोझल_पंप, असा प्रतिसाद पुस्तकात वाचायला मिळत नाही. लिहिते राहा.

याच दोन-तीन वर्षांत आणखी तीन गोष्टी घडल्या. १९८१ ला व्ही-८-६-४ आलं: गरज नसेल तेव्हा दोन किंवा चार सिलिंडर बंद ठेवायचे. कल्पना उत्तम, आज कितीतरी गाड्यांत असते. पण तेव्हाच्या कॉम्प्युटरला ते झेपलं नाही, गाडी गचके खायची. शेवटी वर्कशॉपमध्ये एक वायर काढून ती कायमची आठ सिलिंडरची करून द्यायचे. १९८२ ला घाईघाईत ४.१ लिटरचं ॲल्युमिनियम ब्लॉकचं इंजिन आलं, वर लोखंडी हेड. दोन धातू तापल्यावर वेगवेगळे पसरतात, कूलंट गळायचं, म्हणून गळती बुजवायच्या गोळ्या टाकायच्या.

आणि तिसरी सिमरॉन. जनरल मोटर्सने शेव्हरोलेट कॅव्हेलियरसाठी बनवलेली लहान गाडी, चार सिलिंडर, ८८ अश्वशक्ती. तिला चामड्याच्या सीट, वेगळी जाळी आणि कॅडिलॅकचं चिन्ह लावलं आणि किंमत १२ हजार डॉलरच्या वर. जनरल मोटर्सचे प्रेसिडेंट पीट एस्टीस यांनी या घाईबद्दल आधीच सावध केलं होतं. १९८८ पर्यंत ती रेटली. १९०८ ला दुकानातला कोणताही सुटा भाग कॅडिलॅकमध्ये बसला म्हणून नाव झालं होतं. इथे भाग सगळे शेव्हरोलेटचे बसत होते. माझ्या मते खरी इजा डिझेलने केली नाही. बिघडलेलं इंजिन माणूस विसरतो. आपल्याला मूर्ख समजलं गेलं हे विसरत नाही.

टर्बोलॅग

मास्तर, आदर ठेवून विरोध करतो. 'मूर्ख समजलं' हे कारण पटत नाही, कारण मग कॅडिलॅकच्या एस्कलेड या मोठ्या एसयूव्हीचं काय?

१९९८ ला लिंकनने नॅव्हिगेटर ही मोठी एसयूव्ही काढून कॅडिलॅकला धक्का दिला. त्या वर्षी 'आम्हीच पहिले' असं दाखवायला कॅडिलॅकच्या विक्रीचे आकडे फुगवले गेले आणि १९९९ मध्ये कंपनीला ते जाहीरपणे मान्य करावं लागलं. नॅव्हिगेटरला उत्तर म्हणून घाईने जनरल मोटर्सच्याच जीएमसी युकॉन डेनालीला कॅडिलॅकचं चिन्ह लावून पहिली एस्कलेड आणली. हीच सिमरॉनची कृती! आणि तीच आज कॅडिलॅकची सगळ्यात ओळखीची गाडी आहे.

शिवाय इंजिनिअरिंग परत आलंय. २००२ च्या सेव्हिलमध्ये मॅग्नेटिक राईड हे सस्पेन्शन जगात पहिल्यांदा आलं. शॉकअब्सॉर्बरच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण, चुंबकाने तेल क्षणात दाट-पातळ होतं. पुढे ते फेरारीने घेतलं, ऑडीने घेतलं. २००८ ला कॅडिलॅकची सीटीएस-व्ही जर्मनीतल्या नूरबर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत फिरली, चार दरवाज्यांची गाडी! २०२३ ला ल मॉंमध्ये तिसरा नंबर. २०२६ पासून फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचा संघ. अजून किती सिद्ध करायचं?

शिवडीकर

आपल्याकडे दिसत नाही हेही एक कारण असावं गैरसमजाचं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, देशात असा पहिलाच. १९५४ मध्ये बंद झाला, कारण सरकारने नुसतं जोडकाम नको, गाडी इथेच बनवा असं धोरण घेतलं. नव्वदीत परत आले ते ओपेल आणि मग शेव्हरोलेट घेऊन. तळेगावचा कारखाना २००८ ते २०२०, आता तो ह्युंदाईकडे आहे. नव्वदीनंतरच्या या सगळ्यात कॅडिलॅक इथे विकायला आणलीच नाही. बहुतेक मॉडेल डाव्या स्टिअरिंगचीच असत हा मोठा अडसर. मुंबईच्या विंटेज रॅलीत हॉर्निमन सर्कलला बघतो तेवढीच आपली कॅडिलॅक.

नीलमोहर

@टर्बोलॅग, एस्कलेड उचलली कोणी ते बघा. हिप-हॉपचे गायक, बास्केटबॉलपटू. १९३४ ला ज्यांनी सावरलं त्यांच्याच नातवंडांनी. त्याच सुमाराला डी व्हील घेणाऱ्याचं सरासरी वय साठीच्या पुढे गेलं होतं.

लेथमास्तर

@टर्बोलॅग, मुद्दा बिनतोड आहे, पण फरक बघा. एस्कलेडच्या खाली जो ट्रक होता तो त्या कंपनीचा सगळ्यात भक्कम माल होता. ट्रक बनवणं त्यांनी कधी सोडलं नव्हतं. सिमरॉनच्या खाली त्यांची सगळ्यात स्वस्त गाडी होती. चिन्ह दोन्हीकडे तेच, खालचा पार्ट वेगळा.

मॅग्नेटिक राईड आणि सीटीएस-व्हीबद्दल टोपी काढतो. पण १९७८ ला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या जात होत्या, आज अमेरिकेत दीड लाखाच्या आगेमागे. दोन वाईट दशकं भरून काढायला दोन चांगली दशकं पुरलेली नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये सुरुवातीला इंजिन फेरारीचं आहे. जनरल मोटर्सचं स्वतःचं २०२९ पासून येणार आहे. मी त्याची वाट बघतोय, अगदी मनापासून.

मिशिगनकर

सेलेस्टिकबद्दल कोणीच लिहिलं नाही? तीन लाख डॉलरच्या वरची, विजेवर चालणारी, आमच्या इथून जवळच वॉरनच्या टेक सेंटरमध्ये हाताने बनवतात. शंभराहून जास्त भाग थ्री-डी प्रिंटिंगने.

नोझल_पंप

हाताने बनवतात म्हणजे कानस मारून का? मग लेलँडसाहेबांनी नाकारली असती :)

मिशिगनकर

@नोझल_पंप, कानस नाही, जुळणी हाताने. रंग, शिवण, आतली मांडणी गिऱ्हाईकाच्या सांगण्याप्रमाणे. भाग मापातच येतात.

इकडे कोणी येणार असेल तर डेट्रॉईटहून पश्चिमेला दोन-सव्वादोन तासांवर हिकरी कॉर्नर्सला गिलमोर संग्रहालय आहे. आवारात कॅडिलॅक आणि लासालची वेगळी इमारत आहे, जुन्या शोरूमसारखी बांधलेली. मास्तर, तुम्ही आलात तर मी नेतो. एक दिवस पूर्ण ठेवा, अर्ध्या दिवसात होत नाही.